शोधनिबंधाचें मोल

संशोधकाची योग्यता कशावरून ओळखावी? त्यानें किती निबंध लिहिले आणि इतरांनीं त्यांचा किती वेळां आधार घेतला, हे आंकडे सांगण्याची हल्लीं चाल आहे. ह्या आंकड्यांचा अर्थ काय व त्यांची मर्यादा कोणती, हें आपल्याच रायगड जिल्ह्यांतील एका वैद्याच्या उदाहरणानें पाहूं.

दिघीपासून महाडपर्यंतच्या गांवकऱ्यांस लाल विंचवाची ओळख करून द्यावयास नको. दगडांच्या गडग्यांत, पेंढ्यांत, सरपणाच्या राशींत तो दडून असतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ सालीं महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांत रुजू झाले, तेव्हां ह्या विंचवाच्या दंशानें लहान मुलें व धडधाकट शेतकरीही दगावत असत. बावस्करांनीं रुग्णांजवळ बसून लक्षणांचीं बारकाईनें टिपणें केलीं. ओकारी, दरदरून घाम व हातपाय गार पडणें हीं पुढील संकटाचीं चिन्हें आहेत. त्यानंतर हृदय थकतें व फुप्फुसांत पाणी भरतें, असें त्यांना आढळलें. ह्या पूर्वलक्षणांवरील त्यांचा निबंध १९८२ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या जगन्मान्य वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला.

रोगाची रीत कळली म्हणजे उपायाची वाट दिसते. विंचवाच्या विषामुळें शरीरांतीलच उत्तेजक द्रव्यें एकदम सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात व हृदयावर असह्य भार पडतो. रक्तवाहिन्या सैल करणारें ‘प्राझोसिन’ नांवाचें स्वस्त औषध रक्तदाबाच्या रोग्यांस दिलें जात होतेंच. तें विंचूदंशावर दिल्यानें काय गुण येतो, हें बावस्करांनीं आपल्या पत्नी डॉ. प्रमोदिनी ह्यांच्यासह १९८६ सालीं ‘लॅन्सेट’मध्येंच मांडलें. पश्चिम भारतांत पूर्वीं अशा दंशाच्या रुग्णांपैकीं शेंकडा २५ ते ३० दगावत. प्राझोसिन सुरू झाल्यावर हें प्रमाण शेंकडा १ च्याही खालीं आलें, अशी नोंद त्यांच्या लेखनांत आहे.

आतां आंकड्यांकडे वळूं. एका निबंधाचा आधार घेऊन दुसरा संशोधक लिहितो, तेव्हां तो पहिल्याचें नांव नमूद करतो. ह्यास संदर्भनिर्देश म्हणतात. अमेरिकेंत यूजीन गारफील्ड ह्यांनीं अशा निर्देशांची पद्धतशीर सूची १९६४ सालीं सुरू केली. पुढें २००५ सालीं जॉर्ज हिर्श ह्या पदार्थवैज्ञानिकानें ‘एच-निर्देशांक’ सुचविला. एखाद्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां निर्देश झाला असेल, पण अकरा निबंधांचा अकरा-अकरा वेळां झाला नसेल, तर त्याचा निर्देशांक दहा होय. केवळ पुष्कळ लिहिल्यानें तो वाढत नाहीं, हा त्याचा गुण.

परंतु ह्या मापाची मर्यादाही ध्यानांत घ्यावी. ज्या रोगाचे अभ्यासक हजारों, त्यावरील निबंधास निर्देशही पुष्कळ मिळतात. विंचूदंश हा मुख्यतः खेड्यांतील गोरगरिबांचा रोग. त्यावर लिहिणारे थोडे, म्हणून निर्देशही थोडे. शिवाय निर्देश लिहिणाराच करूं शकतो. निबंध वाचून किंवा त्यांतील उपाय ऐकून एखाद्या आडगांवच्या वैद्यानें मूल वांचविलें, तर त्याची गणती कोणत्याही सूचींत होत नाहीं.

मग प्रसिद्धीचा उपयोग तो काय? उपयोग मोठा आहे. छापलेलें ज्ञान परगांवच्या वैद्यास मिळतें व कोणासही तें तपासून पाहतां येतें. खुद्द बावस्करांनीं आपलें औषध पुनः कसोटीस लावलें. महाड येथील ७० रुग्णांचे दोन सारखे गट करून एकास केवळ प्राझोसिन व दुसऱ्यास त्याबरोबर विंचूविषावरील प्रतिविष त्यांनीं दिलें. दहा तासांनीं पहिल्या गटांतील ३५ पैकीं ८, तर दुसऱ्यांतील ३५ पैकीं ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले होते. आपल्या उपायाहून जोड-उपाय सरस आहे, हें त्यांनीं २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें जगजाहीर केलें. सत्यापुढें स्वतःचा मोठेपणा बाजूस ठेवण्याची ही वृत्ति कोणत्याही निर्देशांकांत मोजतां येत नाहीं. २०२२ सालीं भारत सरकारनें त्यांस ‘पद्मश्री’ देऊन गौरविलें.

विद्यार्थिमित्रांनो, ह्यांतून दोन गोष्टी घ्याव्या. संशोधकाचे निबंध मोजण्यापूर्वीं त्यांत काय सिद्ध केलें आहे तें वाचावें. आणि घरीं कोणास विंचू चावून घाम सुटला व हातपाय गार पडूं लागले, तर विंचू उतरविणाऱ्याकडे वेळ न घालवितां त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें. ज्या टिपणांनीं हें शहाणपण आपणांस दिलें, त्यांचें खरें मोल असा एक जीव वांचला म्हणजे कळतें.