लवंगेचे तेल आणि हिरड्यांचे दुखणे

दाढ ठणकू लागली की तिच्याखाली लवंग धरावी, हे आपल्या घरांत कोणाला शिकवावे लागत नाही. पुढे हाच उपाय हिरड्यांनाही लागू पडेल असे आपण गृहीत धरतो. या समजुतीत तथ्य किती आणि भ्रम किती, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम तथ्य पाहू. लवंग म्हणजे झाडाची न उमललेली कळी. तिच्या तेलाचा बहुतांश भाग युजेनॉल या द्रव्याचा असतो. ते वेदना काही काळ बधिर करते व जंतूंची वाढ रोखते. दंतवैद्यही झिंक ऑक्साइडची पूड युजेनॉलमध्ये कालवून किडलेल्या दातात तात्पुरती भरतात. ओव्याचे फूल म्हणून आपण ज्याला ओळखतो ते थायमॉलही असेच जंतुनाशक आहे. 1879 साली अमेरिकेत निघालेल्या ‘लिस्टरीन’मध्ये थायमॉल, निलगिरीतील युकॅलिप्टॉल व पुदिन्यातील मेंथॉल ही द्रव्ये असतात. अशा चुळांनी, घासण्याच्या जोडीला, हिरड्यांची सूज कमी होते, हे प्रयोगांनी दिसून आले आहे.

आता रोगाचे मूळ पाहू. दात व हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर रोज साचतो. 1965 साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रोग त्या थरात आहे आणि पहिली मात्रा घासण्याची आहे.

हा थर तसाच राहिला तर त्याचे कठीण किटण बनते. मग हिरडी दातापासून सुटते, आत पोकळी होते आणि दात धरून ठेवणारे हाड झिजू लागते. किटण कोणत्याही तेलाने विरघळत नाही, आणि चूळ त्या खोल पोकळीत पोहोचत नाही. येथेच खरा धोका आहे. तेलाने ठणका थांबतो, मनुष्य निश्चिंत होतो, आणि हाड मात्र झिजतच राहते. झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही.

वापरण्यातही विवेक हवा. निर्भेळ लवंगतेल हिरडीला भाजते. म्हणून एखादा थेंब चमचाभर खोबरेलात मिसळून, कापसाच्या बोळ्याने तेवढ्याच जागी लावावा, गिळू नये. लहान मुलांच्या हाती ही कुपी लागू देऊ नये. लवंगतेल पोटात गेल्याने मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे आहेत. निलगिरी व कापूर यांनी आचके येऊ शकतात. मिसरीला तर औषध म्हणूच नये; ती तंबाखू आहे व तंबाखू हिरड्यांचा शत्रूच आहे.

घासताना रक्त येत असेल तर घासणे सोडू नये. मऊ ब्रशाने हळुवार चालू ठेवावे. आठ-दहा दिवसांत रक्त थांबले नाही, पू दिसला, दात हलू लागला किंवा मधुमेह असला, तर दंतवैद्याकडे जाऊन किटण काढून घ्यावे. चेहरा सुजून ताप आला तर त्याच दिवशी जावे.

लवंग आपल्या घरची जुनी सोबतीण आहे. तिने रात्र निभावून न्यावी. पण सकाळी दंतवैद्याच्या दाराशी जाण्याचे काम आपलेच आहे.