दाणेदार फोटो बिघडलेला नसतो!

कपाटाच्या तळाशी जुन्या फोटोंचा डबा तुमच्याकडेही असेलच. आमच्याकडे बिस्किटांचा होता. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला त्यांचा मोठा फोटो लावावा, म्हणून त्यातली एक काळीपांढरी निगेटिव्ह मी दुकानात दिली. ती स्कॅन करून प्रिंट काढली, तर चेहराभर बारीक रवा पसरल्यासारखे दाणे! “हे काय हो? साफ करून द्या,” असं मीच सांगितलं. दुसरी प्रिंट अगदी गुळगुळीत आली. मोठ्या हौसेने मामंजींच्या हातात दिली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ही कोण?”

दाण्यांबरोबर सासूबाईंच्या गालावरचे देवीचे व्रणही पुसले गेले होते.

मग चौकशी केली, तेव्हा कळलं ते तुम्हालाही सांगते. काळ्यापांढऱ्या फिल्मवरचं चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचं असतं. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते आणि रंगाचे ठिपके उरतात. म्हणजे दाणे ही फोटोवर बसलेली धूळ नव्हे, फोटोच त्यांचा बनलेला असतो! कमी उजेडात चालणाऱ्या ४०० च्या फिल्मचे दाणे १०० च्या फिल्मपेक्षा सहसा जाड असतात.

मग पूर्वी ते का दिसत नव्हते? अहो, अल्बममधले फोटो केवढेसे असायचे! ३५ मिलिमीटर फिल्मवरचं चित्र जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटरचं. चार बाय सहा इंची प्रिंटमध्ये ते लांबी-रुंदीने चौपट होतं, आठ बाय दहा इंचीत आठपटींहून जास्त. दाणाही तेवढाच वाढतो. त्यात स्कॅन करताना ‘शार्पनिंग’ केलं, की दाणे आणखी उठून दिसतात.

तेव्हा दुकानात जाताना एवढं लक्षात ठेवा :

* “शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन अगदी कमी ठेवा, चेहरा गुळगुळीत करू नका,” असं आधीच बजावा.
* धूळ आणि ओरखडे हाताने काढायला सांगा. ते आपोआप पुसणारी इन्फ्रारेड सोय काळ्यापांढऱ्या निगेटिव्हला चालत नाही, कारण चांदी ते किरण अडवते.
* दाणे खटकत असतील, तर प्रिंट लहान घ्या आणि कागद मॅट निवडा.
* निगेटिव्ह कडेनेच धरा, ओल्या फडक्याने पुसू नका. परत घेताना पट्ट्या मोजून घ्या आणि गार, कोरड्या जागी ठेवा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म खराब होऊ लागली असं समजा. ती वेगळी ठेवून लवकर स्कॅन करून घ्या.

निगेटिव्ह जपलेली होती, म्हणून माझी चूक सुधारता आली. पुन्हा प्रिंट काढली, पाच बाय सातची. दाणे दिसतात, व्रणही दिसतात. मामंजी आता सकाळचा चहा त्या फोटोसमोर बसूनच घेतात.