‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रगतिपुस्तकावर हा शेरा काही मुलांना वर्षानुवर्षे मिळत राहतो. घरी बोलणी बसतात, शिकवणी लागते, मग ती बदलली जाते. गुण मात्र तिथेच. अशा काही मुलांच्या बाबतीत खरं कारण अध्ययन अक्षमता किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) असतं. दोन्हींचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे आणि काही मुलांमध्ये दोन्ही एकत्र आढळतात.

गैरसमज : वाचता येत नाही म्हणजे बुद्धी कमी.

वस्तुस्थिती : अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत बुद्ध्यांकही पाहिला जातो आणि या मुलांचा तो सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असतो. तोंडी उत्तर चटकन देणारं मूल तेच उत्तर वहीत उतरवताना अडखळतं. वाचनातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातली डिसग्राफिया, गणितातली डिसकॅल्क्युलिया. डिस्लेक्सिया हा नजरेचा दोष नाही. शब्दातले ध्वनी सुटे ओळखून ते अक्षरांशी जोडणं या मुलांना जड जातं. डोळे आणि कान तपासून घ्यावेतच, पण चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही.

गैरसमज : हा इंग्रजी माध्यमाचा त्रास आहे.

वस्तुस्थिती : डिस्लेक्सिया मराठीतही असतो, फक्त वेगळा दिसतो. इंग्रजीत स्पेलिंगच्या चुका लगेच डोळ्यांत भरतात. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ असल्याने मूल बरंचसं बरोबर पण फार सावकाश वाचतं, जोडाक्षरापाशी थांबतं, काना-मात्रा गाळतं. मात्र प्रत्येक चूक म्हणजे अक्षमता नव्हे. ‘त्रेपन्न’ ऐकून 35 लिहिणं सुरुवातीला पुष्कळ मुलांचं होतं, कारण मराठीत एकक आधी उच्चारला जातो. नीट, वेगळं लक्ष देऊन शिकवल्यावरही अडचण सहा महिन्यांहून अधिक टिकली, तर तपासणी करावी.

गैरसमज : टीव्हीसमोर तासन्‌तास बसतो, मग एडीएचडी कसला?

वस्तुस्थिती : एडीएचडीत लक्ष मुळीच नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं अवघड जातं. टीव्हीवर क्षणाक्षणाला नवं काही घडतं, व्हिडिओ गेममध्ये तर बक्षीसही लगेच मिळतं. पाढे लिहिताना तसं होत नाही. निदान मात्र एका तक्रारीवरून होत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसणारी असावी लागतात. शिवाय प्रत्येक मूल उड्या मारत नाही. मागच्या बाकावर शांतपणे हरवून बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

गैरसमज : आईच्या लाडांमुळे किंवा गोड खाण्याने होतं.

वस्तुस्थिती : एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. अपुऱ्या दिवसांच्या जन्मानेही धोका वाढतो. साखरेने मुलं चंचल होतात, ही समजूत 1990च्या दशकातल्या काळजीपूर्वक चाचण्यांत टिकली नाही. घरातल्या शिस्तीने एडीएचडी निर्माण होत नाही; पण ठरलेला दिनक्रम आणि छोट्या, स्पष्ट सूचना यांनी तो सांभाळणं सोपं होतं. मार देऊन यातलं काहीच साधत नाही.

गैरसमज : मोठं झालं की आपोआप जातं.

वस्तुस्थिती : धावपळ कमी होते, पण बऱ्याच जणांचा आतला अस्वस्थपणा, विसराळूपणा आणि कामं अर्धवट राहणं टिकून राहतं. वीजबिल भरायचं राहतं, बैठकीला उशीर होतो, नोकऱ्या बदलत राहतात. मुलाची तपासणी चालू असताना ‘माझंही असंच होतं’ हे वडिलांच्या किंवा आईच्या ध्यानात येणं नवलाचं नाही. प्रौढांचंही निदान आणि उपचार होतात.

गैरसमज : अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र घेतलं की मुलावर कायमचा शिक्का.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र शासनाने 1996 मध्येच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. वाढीव वेळ किंवा लेखनिक ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. तरी प्रमाणपत्र हा उपचार नव्हे. अध्ययन अक्षमतेवर गोळी नाही. ध्वनी-अक्षरांपासून पायरीपायरीने केलेलं उपचारात्मक अध्यापन हाच मार्ग. एडीएचडीत पालक-प्रशिक्षण, वर्तनोपचार आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं उपयोगी पडतात.

तिसरीतलं मूल अजून अडखळत वाचत असेल, तर ‘येईल हळूहळू’ म्हणून दहावीपर्यंत थांबू नका. आधी वर्गशिक्षकांशी बोला, मग बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयाचा संबंधित विभाग गाठा. शिकवण्याची पद्धत जितकी लवकर बदलेल, तितकं मुलाचं नुकसान कमी.