पुळणीवरची मर्यादा

पावसाळा जवळ आला की गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी उभारलेले लाकूड-झावळ्यांचे शॅक उतरविले जातात. यात केवळ सरकारी हट्ट नाही. आषाढातला समुद्र पुळणीवरील वाळू ओढून नेतो आणि पावसाळा सरल्यावर ती परत आणून घालतो. या देवघेवीला मोकळी जागा हवी.

म्हणूनच १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरविले. २०११ च्या अधिसूचनेने गोव्यात सप्टेंबर ते मे या काळापुरत्या हंगामी उभारणीस मुभा दिली. मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग हे किनारे मात्र कासवांच्या विणीसाठी राखले.

तंटा उद्भवतो तो ‘तात्पुरते’ या शब्दावरून. झावळ्यांखाली काँक्रीटचा चौथरा आला की शॅक हंगामी उरत नाही. पण त्याच पट्ट्यात मच्छीमारांची पिढीजात घरेही आहेत. त्यांच्या दुरुस्तीस २०११ च्या अधिसूचनेने मान्यता दिली. तरी हाती जुना कागद नसलेल्या रापणकाराला आपल्या घराचे वय सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून नियम राबविणाऱ्यांनी जुने घर व नवा चौथरा यांतील भेद आधी पारखावा, आणि मगच हातोडा उचलावा.