ब्राउझरची राखण

डहाणूकडील चिकूच्या वाडींत बसलेल्या बागाइतदारास जमिनीचा सात-बारा पहावयाचा असला, तर आतां तलाठ्याकडे खेटे घालण्याचें कारण उरलेलें नाहीं. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा शासनाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या मिळतो. तलासरीच्या विद्यार्थ्यानें शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा तोहि याच मार्गानें. मात्र घरीं संगणक नसला म्हणजे तो बाजारांतील सेवाकेंद्राचा उंबरठा चढतो. दोघांच्याहि हातीं जें साधन येतें त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज हीं त्याचीं परिचित नांवें. कागदपत्रें, पैसा, आधार क्रमांक या सर्वांची ये-जा या एकाच दारानें होते. दाराच्या राखणीचा विचार मात्र क्वचितच होतो.

पहिली गोष्ट पत्त्याची. टपालवाले पाकिटावरील पत्ता वाचतात तो खालच्या ओळीपासून: जिल्हा, तालुका, मग गांव. संकेतस्थळाचें नांवहि असेंच शेवटाकडून वाचावें. आरंभींच्या 'एचटीटीपीएस'पुढील दोन तिरप्या रेघा सोडून, त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जें नांव येतें, त्याचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा असला म्हणजे तें सरकारी समजावें. 'महाभूमि' हा शब्द कोणीहि भामटा आपल्या नांवांत घालूं शकतो. तो शेवट मात्र त्यास मिळत नाहीं. पत्त्याशेजारच्या कुलुपावर पुष्कळांचा फार भरवसा. वस्तुतः त्या कुलुपाचा अर्थ इतकाच, कीं वाटेंत तिऱ्हाइतास मजकूर वाचतां येणार नाहीं. पलीकडे बसलेला गृहस्थ सज्जन आहे असा दाखला तें देत नाहीं. हा गैरसमज इतका रूढ झाला, कीं २०२३ सालीं क्रोमनें कुलूप काढून तेथें दुसरेंच चिन्ह ठेवलें.

सेटिंग्जचें काम पांच मिनिटांचें. केवळ 'एचटीटीपीएस' जोडणीच वापरावी, असा पर्याय प्रमुख ब्राउझरांत असतो. तो चालू करावा. नवी आवृत्ति आली कीं ती लावण्यास आळस करूं नये, कारण जुन्या आवृत्तींतील भगदाडें तोंवर चोरांस ठाऊक झालेलीं असतात. तिसरा उपद्रव सूचनांचा. एखादें पान उघडतांच 'सूचना पाठवूं काय?' अशी विचारणा होते; घाईंत 'होय' म्हटलें, कीं पुढें दिवसभर 'यंत्रांत व्हायरस शिरला' असल्या खोट्या दवंड्या पडद्यावर पिटल्या जातात. यंत्र बहुधा निरोगी असतें. भीति तेवढी खरी. ही परवानगी सरसकट नाकारली, तर फारसें कोणाचें अडत नाहीं.

ॲड-ऑन म्हणजे ब्राउझरला वरून जोडावयाची लहानशी पुरवणी. त्यांत सर्वांत उपयोगी ती जाहिराती अडविणारी. शोधयंत्रांत कांहीं शोधलें असतां अग्रभागीं पैसे मोजून लावलेल्या जाहिरातीहि येतात, आणि नकली संकेतस्थळांचे सापळे पुष्कळदां तेथेंच मांडलेले असतात. अमेरिकेच्या एफबीआयनें २०२२ च्या डिसेंबरांत असें ॲड-ऑन वापरण्याचा सल्ला नागरिकांस दिला, तो याच कारणास्तव. 'यूब्लॉक ओरिजिन' हें या कामीं नांवाजलेलें व मोफत आहे. फायरफॉक्सवर तें पूर्ण रूपांत चालतें. क्रोमनें नियम बदलल्यामुळें तेथें त्याची 'लाइट' ही आखूड आवृत्ति घ्यावी लागते. मोबाइलवरील क्रोममध्यें तर ॲड-ऑनची सोयच नाहीं. अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्यें ती आहे, आणि फायरफॉक्स मराठींतहि मिळतें.

तथापि राखणदारच फितूर झाला तर? जाहिराती अडवावयाच्या, तर ॲड-ऑनला बहुधा प्रत्येक पान वाचण्याचा परवाना द्यावा लागतो. बँकेचें पानहि त्यांत आलेंच. 'द ग्रेट सस्पेंडर' हें लक्षावधि लोकांच्या वापरांतील ॲड-ऑन २०२० सालीं मूळ कर्त्यानें दुसऱ्यास विकलें. नव्या धन्याच्या अमलांत त्यांत घातक भाग शिरल्याचें आढळून २०२१ च्या फेब्रुवारींत गूगलनें तें बंद केलें. वापरणारांनीं कांहींच बदललें नव्हतें. मालक तेवढा बदलला. एक-दोन ॲड-ऑन पुरेत, आणि न लागणारीं काढून टाकावीं.

तलासरीच्या विद्यार्थ्याची अडचण निराळी. सेवाकेंद्रांतील यंत्र त्याचें नव्हे. त्याच्या सेटिंग्ज बदलण्याचा अधिकार त्यास नाहीं. त्यानें केंद्रचालकास खाजगी खिडकी उघडण्यास सांगावें. क्रोममध्यें तिला 'इन्कॉग्निटो' म्हणतात. अशा सर्व खिडक्या बंद केल्या, कीं लॉगिन व पाहिलेल्या पानांची नोंद त्या यंत्रावर उरत नाहीं. 'पासवर्ड जतन करूं काय?' या प्रश्नास नकार द्यावा. परंतु या खिडकीची एक गोम फार थोड्यांस ठाऊक असते: उतरवून घेतलेल्या फायली ती पुसत नाहीं. आधारपत्र, जातीचा दाखला, पासबुकाचें चित्र हीं सर्व 'डाऊनलोड्स' या कप्प्यांत तशींच पडून राहतात. छपाई झाली कीं फाइल आपल्या डोळ्यांदेखत काढून टाकावयास लावावी, व मागाहून 'रिसायकल बिन' ही कचरापेटीहि रिकामी करवून घ्यावी. केंद्रचालक भला असला तरी हें सांगण्यास संकोच नको. त्याच्यानंतर त्या खुर्चींत कोण बसेल, हें त्यासहि ठाऊक नसतें. इतकें करूनहि पैसा गेलाच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनि करावा. वेळेवर कळविल्यास रक्कम वाटेंतच थोपविण्याचा यत्न बँकांस करतां येतो.