खाऱ्या पाण्याची पेटी आणि चार शांत मासे

घरगुती न्याहारी-निवासाबद्दल आम्ही रेडिओवर बोललो, तेव्हा ओसरीवरच्या काचेच्या पेटीचा विषय ओझरता निघाला होता. त्यानंतर बऱ्याच गटांचे फोन आले. सगळ्यांचं विचारणं एकच, आम्हालाही खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे ठेवायचेत, घ्यायचे कुठले? आज तेवढंच बोलू.

आधी आमची फजिती सांगतो. मालवण तालुक्यातला आमचा दहाजणींचा गट. पर्यटकांची मुलं ओसरीत रमतील, आईबाप निवांत जेवतील, या हिशोबाने आम्ही बचतीतले अठरा हजार काढले. पेटी, दिवा, पंप, फिल्टर झाला. मासे आणायला शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, डॅमसेल घ्या, स्वस्त आहेत, चिवट आहेत, मरत नाहीत. आम्ही सहा घेतले. तीन निळेभोर, दोन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे आणि एक काळा, अंगावर तीन पांढरे ठिपके. सगळे अंगठ्याएवढे.

पंधरा दिवसांत तीन गेले. महिन्याने एकटा काळा उरला. आम्ही पाण्याला दोष दिला, मग विजेला, मग एकमेकींना. ज्यांच्या ओसरीत पेटी होती त्या वहिनींच्या सासूबाई रोज समोर बसून भाजी निवडायच्या. त्यांनी आठव्या दिवशीच सांगितलं होतं, "ह्यो काळो कोणाक जगूक देवचो नाय." आम्ही ऐकलं नाही.

त्या महिन्याची बैठक रात्री दहापर्यंत चालली. तिघी म्हणाल्या, पेटी विका, गटाचे पैसे पाण्यात गेले. तसं पाहिलं तर खरंच पाण्यात गेले होते. शेवटी एकच संधी द्यायची ठरलं, आणि दोन अटी घातल्या. आधी माहिती काढायची, आणि चारच्या वर मासे घ्यायचे नाहीत.

माहिती काढल्यावर कळलं की दुकानदार खोटं बोलला नव्हता. डॅमसेल खरोखर चिवट असतात. पण ते जागेला धरून असतात. खडकाचा एक कोपरा आपला मानला की तिथे दुसऱ्याला फिरकू देत नाहीत. समुद्रात हरलेला मासा पळून जातो. अडीच फुटांच्या काचेत पळणार कुठे? तो कोपऱ्यात दबून राहतो, खात नाही आणि मरतो. शिवाय तो तीन ठिपक्यांचा मासा वाढून पाच इंचांपर्यंत जातो. त्याला बाहेर काढायला आम्हाला सगळे दगड उचलावे लागले, पाणी गढूळ झालं, अर्धा दिवस गेला. एकीने सुचवलं, समुद्रात सोडून देऊया. ते करू नका. दुकानातल्या टाकीतून आलेला मासा रोग घेऊन आलेला असू शकतो, आणि तो आपल्या किनाऱ्याचा असेलच असंही नाही. आम्ही तो मोठी टाकी असलेल्या एका हॉटेलवाल्याला दिला.

आता पेटीचं माप. आमची पेटी अडीच फूट लांब, सवा फूट रुंद, सवा फूट उंच. वरची जागा सोडून त्यात साधारण शंभर लिटर पाणी बसतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन शंभर किलोच्या वर, तेव्हा लाकडी स्टुलावर ठेवू नका. यापेक्षा लहान पेटी स्वस्त पडते, पण सांभाळायला अवघड. पाणी कमी असलं की उष्णता, क्षार, घाण सगळं पटकन चढतं.

पाण्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण तो विषय वेगळा. पहिली, पाणी भरल्यावर लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो आणि तो विषारी असतो. त्याचं रूपांतर करणारे सूक्ष्म जीव वाळूत, दगडात, फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लागल्याशिवाय दही होत नाही, तसं आहे हे. तपासणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग मासे. दुसरी, पाणी आटतं तेव्हा मीठ मागेच राहतं. मिठागर पाहिलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. म्हणून आटलेल्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, खारं नाही. हायड्रोमीटरचा काटा १.०२० ते १.०२५ च्या मध्ये ठेवायचा. मिठागराचं मीठ चालेल का, असं खूपजणी विचारतात. नाही चालत. मिठागरात जवळजवळ एकच क्षार हाती येतो, बाकीचे उरलेल्या पाण्याबरोबर निघून जातात. मत्स्यपेटीसाठी वेगळं मिश्रण मिळतं. खाडीचं पाणी तर पावसाळ्यात गोडं होत जातं, त्याचा भरवसा धरू नये.

आता मासे.

पहिली निवड क्लाऊनफिश, मुलं ज्याला निमो म्हणतात तो. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे, वाढ तीन-साडेतीन इंच. त्याला समुद्रफूल लागतंच असं नाही, पेटीत त्याच्याशिवाय छान राहतो. हा डॅमसेलच्याच कुळातला, त्यामुळे अगदी गरीब नाही, पण या जातीचा स्वभाव बराच निवळलेला आहे. तांबडा-काळपट, मोठा होणारा मरून क्लाऊनफिश मात्र घेऊ नका, तो भांडखोर. जोडी घेताना दोन लहान पिल्लं घ्या, एक थोडं मोठं, एक थोडं छोटं. गंमत अशी की हे सगळे जन्माला नर म्हणून येतात. जोडीतला मोठा, दांडगा असतो तो मादी होतो, धाकटा नर राहतो आणि अंडी सांभाळायचं काम त्याच्याकडे येतं. बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा पाच मिनिटं कामकाज थांबलं होतं.

क्लाऊनफिश हॅचरीत तयार होतो ही आपल्यासाठी मोठी गोष्ट. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास करायचं तंत्र बसवलंय. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर बायका स्वतः क्लाऊनफिशची आणि शोभेच्या कोळंबीची पिल्लं वाढवतात. हॅचरीतला मासा पेटीतच जन्मलेला असतो, त्याला दाणे खायची सवय असते. समुद्रातून पकडलेला घाबरलेला असतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा, हॅचरीचा आहे का?

दुसरा फायरफिश. पुढून पांढरा, शेपटीकडे लाल होत जाणारा, पाठीवर एक उभी काडी. तीन इंचांचा, अतिशय भित्रा. कोणाच्या वाटेला जात नाही. एकच घ्या, दोन घेतले आणि जोडी नसली तर आपसात भांडतात. याचा एकच दोष, घाबरला की उडी मारतो. आमचा पहिला सकाळी जमिनीवर सुकलेला सापडला. त्या दिवसापासून पेटीवर जाळीचं झाकण आहे. तुम्ही ते आधीच करा.

तिसरा पिवळा वॉचमन गोबी. तळाशी वाळूत बसून टकामका बघणारा. याच्यासाठी दोन-तीन इंच वाळू हवी. समुद्रात हा एका कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतो. कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ उकरते. गोबी दारात पहारा देतो. कोळंबी आपली मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते, धोका आला की तो शेपटी हलवतो आणि दोघं आत. आम्ही फक्त गोबी आणला, कोळंबी अजून परवडलेली नाही.

दोन क्लाऊन, एक फायरफिश, एक गोबी. एक वर मध्यात, एक आडोशाला, एक तळाशी, म्हणून जागेवरून भांडण नाही. क्लाऊनऐवजी कोणाला बांगाई कार्डिनल आवडला तर तोही शांत, चंदेरी अंगावर काळे पट्टे. तो इंडोनेशियातल्या बांगाई बेटांचा. पकडून पकडून तिथे संपत आलाय, तेव्हा घ्यायचा तर हॅचरीचाच. दोन नर मात्र एकत्र नकोत.

काय घेऊ नये, हेही सांगतो. निळा टँग, सिनेमातली डोरी, फूटभर वाढतो. शंभर लिटरमध्ये तो कोंडलेला कैदी. मँडरिन दिसायला सगळ्यांत सुंदर, पण दगडावरचे बारीक जिवंत किडेच खातो आणि नव्या पेटीत उपाशी मरतो. हिरवा क्रोमिस थव्याने घ्या म्हणतात. छोट्या पेटीत ते एकेकाला संपवत जातात. आणि समुद्रघोडा किंवा पोवळं कोणी आणून दिलं तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. आपल्या मालवणचा समुद्र तर १९८७ पासून अभयारण्य आहे. आमच्या पेटीतले दगड बाजारात मिळणारे तयार केलेले आहेत.

दुकानात मासा निवडताना घाई करू नका. दुकानदाराला सांगा, आमच्यासमोर खायला घाला. जो खात नाही तो घेऊ नका, कितीही सुंदर असला तरी. पोट खपाटीला गेलेलं, डोळा धुरकट, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, कल्ले भरभर हलताहेत, असा मासा नको. त्याच टाकीत एखादा मेलेला दिसला तर त्या टाकीतला कुठलाच नको.

घरी आणल्यावर वेगळ्या टबात, पंप लावून, तीन-चार आठवडे ठेवा. रोग असेल तर तिथेच कळतो. मग आधी भित्रा सोडा, शेवटी धीट. आम्ही आधी फायरफिश सोडला, मग गोबी, मग क्लाऊन. प्रत्येकामध्ये दोन आठवडे जाऊ दिले.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आम्ही दाण्यांबरोबर आठवड्यातून दोनदा ताजी कोळंबी, मीठ न लावलेली, तिळाएवढी चिरून घालतो. पाहुणेही हौसेने चिमटी टाकतात, त्यांना रोखायचं काम सासूबाईंकडे आहे.

नव्या चारही माशांना आता अकरा महिने झाले. बैठकीत पेटी विकायचा विषय परत निघालेला नाही. अठरा हजारांपैकी किती वसूल झाले याचा हिशोब मात्र मार्चच्या बैठकीत मांडायचाय, तो झाला की रेडिओवर सांगू. वीज गेली तर चालावा म्हणून बॅटरीवरचा एक छोटा हवेचा पंप नक्की घ्या, हे सांगायचं राहूनच जात होतं.