गाव नेमकं कधी शहर होतं?



मागे गावी गेलो तेव्हा आजी म्हणाली, "आपलं गाव शहर झालं म्हणे. कधी झालं रे? मी तर इथंच होते!"

मी हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

हे कोडं जुनं आहे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या युब्युलिडीस या ग्रीक माणसाच्या नावावर सांगितलं जातं. ज्वारीची रास घ्या. एक दाणा काढला, तरी रासच. आणखी एक काढला, तरी रासच. असं करत शेवटी एकच दाणा उरतो. मग रास संपली कधी?

टिमोथी विल्यमसन हे तत्त्वज्ञ म्हणतात, रेषा असते, फक्त आपल्याला ती कळू शकत नाही. राशीपुरतं हे एकवेळ मानू. पण शहर? शहर, पैसा, सरहद्द या गोष्टी आपणच मिळून मानतो म्हणून आहेत, असं जॉन सर्ल यांनी 1995 च्या पुस्तकात मांडलं. मग जी रेषा आपण ओढलीच नाही, ती लपून बसणार कुठे?

थांबा, इतकं सोपं नाहीये. मंदी आपल्याच व्यवहारातून येते, तरी ती आलीये हे आपल्याला उशिरा कळतं. म्हणजे आपण घडवलेलं सगळंच आपल्याला दिसतं असं नाही. तरी मला वाटतं, गाव आणि शहर यांच्यामध्ये खरोखरच धूसर पट्टा आहे. तिथं शोधण्यासारखं काही नाही, ठरवण्यासारखं आहे.

आणि सरकार ठरवतं. 2011 च्या जनगणनेत निकष होते: लोकसंख्या किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर. नगरपालिका वगैरे नसतानाही या निकषांत बसलेली 3,894 'जनगणना शहरं' निघाली. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच!

आता रेषा पक्की झाली ना? नाही. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम, म्हणजे 'मुख्य' काम. पण सकाळी शेतात आणि दुपारी रिक्षावर असणारा माणूस कुठल्या रकान्यात टाकायचा? धूसरपणा गेला नाही, फक्त जागा बदलून बसला.

आणि नीट ऐका, तिसऱ्या निकषात फक्त पुरुष आहेत. आजीनं जन्मभर खुरपणी केली. गाव शेतीवर जगतं की नाही, हे ठरवताना तिचं खुरपं मोजलंच नाही.

धूसर जागी रेषा ओढावी लागते, मान्य. पण "रेषा तिथंच होती" असं कुणी म्हणालं, तर विचारा: ओढली कुणी, आणि कुणाला न मोजता?

आजीला मी फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मला विचारलंच नाही की!"

एवढ्या लांबलचक भागाचं सार तिनं एका वाक्यात सांगितलं. तुमचं गाव कुठल्या बाजूला आहे, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!